तीन हातांची दुरुस्ती

दुकानात काही दुरुस्तीला आलं की मी आधी वस्तूकडे बघते, आणणाऱ्याकडे नंतर. वस्तू खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, आणि तेही फुकटचं. "पाण्यात पडला होता का?" हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आले आहे, पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात अजून एकाचाही मोबाईल पाण्यात पडलेला नाही. सगळ्यांचे आपोआप बंद पडतात. अर्जुनी मोरगावकडचे एक गृहस्थ असेच आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम रुबाबात. पाण्याचा आणि या फोनचा काडीचा संबंध नाही म्हणाले. मी मागचं झाकण उघडलं, तर स्पीकरच्या जाळीपाशी एक इवलासा झिंगा. तलावातला, वाळून कडक झालेला. चिमट्यानं उचलून मी तो त्यांच्यासमोर कागदावर ठेवला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा कसा काय गेला बुवा आत?"

कारखान्यातूनच आला असेल म्हटलं.

हा किस्सा मी या अंकाच्या संपादकांना सांगितला. ते तेव्हा त्यांचा बिघडलेला हेडफोन घेऊन दुकानात बसले होते. हेडफोन बाजूला ठेवून म्हणाले, ताई, हे सगळं लिहाच तुम्ही. मी म्हटलं, लिहिते, पण जशी बोलते तशीच लिहीन. गोंदियाची मराठी म्हणजे अर्धी हिंदी, पाव झाडीबोली, उरलेली आयटीआयची. चालेल म्हणाले. हेडफोन दुरुस्त होऊन पडला आहे, तो मात्र अजून नेला नाही त्यांनी.

मी मूळची केशोरीची. रेडिओ-टीव्हीचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मुलगी मी एकटीच होते, हे सांगायला आता मजा वाटते, तेव्हा वाटत नव्हती. गोंदियाच्या बाजारातल्या गल्लीत माझं दुकान आहे, एका बाजूला टेलर आणि दुसऱ्या बाजूला पोह्याचं हॉटेल. सगळा बाजार मला ताई म्हणतो, ऐंशी वर्षांचे म्हातारेसुद्धा. पण नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या मागं बघणार. "मिस्त्री नाही का?" एक भजनी मंडळवाले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. मी उघडला, पाहिला, जळालेला भाग बदलला, वाजवून दाखवला. ते आरामात बाकावर बसूनच. पोहे झाले, चहा झाला. शेवटी म्हणाले, "वो सब ठीक है, पर मिस्त्री कब आएगा?" मी म्हटलं, येऊन गेला. बिचारे दाराकडे बघत राहिले.

आणि तांदूळ! आमचा जिल्हा भाताचा, गावात राईस मिल ढिगानं. त्यामुळे फोन भिजला की लोक आधी तो तांदळात पुरतात आणि मग माझ्याकडे येतात. मग मी आधी चार्जिंगच्या भोकातून कणी काढायची आणि कोंडा झाडायचा. एका मिलच्या मॅनेजरनं तर कमालच केली. ओला फोन त्यानं थेट उष्ण्याच्या ढिगात खुपसला. उष्णा तांदूळ करायला धान आधी भिजवतात आणि वाफेवर शिजवतात, हे ज्याला पोटासाठी रोज करावं लागतं त्यानंच हे केलं! फोन भातासोबत शिजला. माझ्याकडे आला तेव्हा त्याला वास मात्र छान येत होता.

लोकांना वाटतं, मेलेला बोर्ड जिवंत करणं ही काहीतरी जादू आहे. तसलं काही नाही. आमच्याकडे ज्यानं तलावाच्या पाण्यावर धानाची शेती केली आहे त्याला हे काम एका मिनिटात समजतं. बॅटरी म्हणजे तलाव. बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा म्हणजे पाट. आणि प्रत्येक चिप, प्रत्येक बटण म्हणजे एकेक बांधी, धानाचा एकेक तुकडा. बांधी कोरडी दिसली की आपण काय करतो? पाटाच्या काठानं चालत जातो. पाणी कुठवर आलं आहे, कुठं अडलं आहे, कुठं धुरा, म्हणजे मधला बांध, फुटून भलतीकडेच वाहून चाललं आहे, ते बघतो. मीही तेच करते, फक्त पायांऐवजी मीटरच्या दोन सुया घेऊन चालते. आता कंपन्यांची शोरूमवाली पोरं चालतच नाहीत. बोर्ड बदला म्हणतात, नाहीतर नवीन घ्या. त्यांचंही चुकत नाही, त्यांना तसंच शिकवलंय. पण चांगला बोर्ड भंगारात जाताना बघून मला अजून त्रास होतो, आणि तो त्रास मी मोठ्यानं बोलून दाखवते, म्हणून माझं तोंड खराब आहे असंही बाजारात म्हणतात. म्हणोत बापडे.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती एका गेमच्या रिमोटची आहे.

खरं नाव कंट्रोलर. दोन्ही हातांत धरायचा, वायर नसलेला, आत बॅटरी असते. डाव्या अंगठ्याला एक छोटी दांडी, उजव्या अंगठ्याला एक, वर बटणं, पुढच्या बाजूला बोटांसाठी आणखी बटणं. पोरं टीव्हीसमोर नाहीतर कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं खेळतात. असे रिमोट माझ्याकडे खूप येतात, बहुतेक हरल्यावर भिंतीवर फेकलेले.

रागिणी पहिल्यांदा आली तेव्हा तिचा रिमोट नवाकोरा होता. गावाकडच्या पोवार शेतकऱ्याची मुलगी, गोंदियाला कॉलेजात शिकायला येणारी. बिघडला काहीच नाही म्हणाली. डाव्या बाजूची बटणं उजवीकडे आणता येतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, काऊन गं, देवानं डावीकडे दिली आहेत ना? तेव्हा तिनं ओढणी बाजूला केली. तिचा डावा हात जन्मतःच कोपराच्या थोडा खाली येऊन थांबलेला आहे. मी जीभ चावली आणि रिमोट उघडला.

दुसऱ्याच्या बनवलेल्या वस्तू दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतः काही बनवलं असेल तर हा एक रिमोट. डाव्या बाजूच्या बटणांच्या वायरी काढून मी उजवीकडे मागं नेल्या आणि तिथं छोटी बटणं बसवली, म्हणजे तिची मधली बोटं कामाला लागली. डाव्या दांडीवर सायकलच्या ट्यूबचं रबर लावून वाटीसारखं केलं. रिमोट मांडीवर ठेवायचा, डाव्या हाताचं टोक त्या वाटीत ठेवायचं आणि दांडी फिरवायची. एका बैठकीत हे झालं नाही. वाटी मोठी झाली, मग लहान झाली, मग टोचायला लागली. बटण एक कणभर वर, मग खाली. ती कॉलेज सुटल्यावर यायची, दुकानातच खेळून बघायची आणि नाक मुरडायची. मला राग यायचा. पण ती बरोबर असायची, त्यामुळे राग गिळून मी पुन्हा सोल्डरिंगचा आयर्न गरम करायची.

मग ती अशी काही खेळायला लागली की विचारू नका. इंटरनेटवरून चौघांची टीम झाली. एक पोरगा रायपूरचा, एक नागपूरचा, आणि एक पोरगी भंडाऱ्याकडची. कानात हेडफोन, तोंडानं सारखी हिंदी, "पीछे से आ रहा है, पीछे से!" दोन वर्षं चौघं रोज बोलत, भांडत, एकमेकांना वाचवत होते. एकमेकांना कधी पाहिलं मात्र नव्हतं. आणि त्या तिघांना हिच्या हाताचं माहीत नव्हतं. हिनं सांगितलंच नव्हतं. मी एकदा विचारलं, अगं, काय बिघडतं सांगितलं तर? ती म्हणाली, "ताई, बाकी सगळीकडे मी हात नसलेली रागिणी आहे. एवढ्या एका ठिकाणी नुसती रागिणी आहे. ते ठिकाण मला घालवायचं नाही." मी वाटीचं रबर बदलून दिलं.

तर गेल्या साली नागपूरला मोठी स्पर्धा निघाली. घरून खेळायची नव्हती, सगळ्या टीमनं एका हॉलमध्ये जाऊन शेजारी शेजारी बसून खेळायची. तिघांनी हिचं नाव देऊन टाकलं. ही हो म्हणून बसली. मग दसरा आला, दसरा गेला आणि स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना ती सकाळी सकाळी आईला घेऊन दुकानात हजर. रिमोट काउंटरवर ठेवला. बंद. दिवा नाही, थरथर नाही, चार्जरला लावला तरी मुका.

"पाण्यात?" मी सवयीनं विचारलं.

नाही म्हणाली. आणि ती खरं बोलत होती, तेवढी माणसं मला आता ओळखता येतात. तिच्या मागं तिची आई कौशल्याबाई पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्या माझ्या छताच्या पंख्याकडे फार लक्ष देऊन बघत होत्या. माझा पंखा काही बघण्यासारखा नाही.

रागिणी म्हणाली, "ताई, नसेल होत तर राहू द्या. उगाच नका डोळे खराब करू. मी त्यांना कळवून टाकते." मी तिच्याकडे पाहिलं. वस्तू मेली की गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं, हे मी जन्मभर पाहिलेलं. हिचं उतरलं नव्हतं. हिला सुटल्यासारखं वाटत होतं. रिमोट मेला, आता जायला नको, आता कोणी बघायला नको, आणि दोषही कोणाचा नाही. मी मान हलवून "गेला गं हा" म्हणावं, एवढीच ती वाट बघत होती. माझं डोकं फिरलं. सांगायलाच हवं, मला त्या बोर्डाचा आलेला राग कमी आणि तिचा जास्त होता. इतका जीव लावून बनवलेली वस्तू हिला बहाण्याला पाहिजे!

नवीन घेऊन चाललं नसतं का, असं कोणी विचारेल. त्याच जातीचा नवीन गोंदियात मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी ते सगळं वायरींचं, वाटीचं, बटणांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. दोन दिवसांत ते होणारं नव्हतं. हाच उठला तर ती जाणार, नाही उठला तर नाही.

स्क्रू काढून मी बोर्ड बाहेर घेतला. बॅटरीच्या बाजूला पांढरट-हिरवट खरपडा धरलेला, बोटाला चिकट लागणारा. पाणी वाळल्यावर चिकट राहत नाही. आणि झाकणाच्या खाचेत लाल लाल पूड. मी नाकाजवळ नेला, काही कळेना. म्हणून आयर्नचं टोक त्या खरपड्याला जरासं लावलं. धूर आला आणि दुकानभर वास सुटला. ओल्या खोबऱ्याची वडी कढईत करपते ना, अगदी तस्सा. शेजारचा पोहेवाला डोकावून गेला, काय केलं ताई म्हणून.

मी म्हटलं, "हे नारळाचं पाणी आहे. आणि हे कुंकू आहे."

रागिणीनं माझ्याकडे पाहिलं, मग हळूच मागं वळून आईकडे पाहिलं. कौशल्याबाई पंख्याकडे बघायच्या थांबल्या. आणि त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. दसऱ्याला त्यांच्या घरी औजारांची पूजा होते. रागिणीच्या बाबांनी ट्रॅक्टर धुतला, पंप पुसला, विळे, कुदळी, वखर सगळं अंगणात ओळीनं मांडलं. रागिणी तेव्हा आंघोळीला गेली होती. कौशल्याबाई घरात गेल्या, टेबलावरचा रिमोट उचलला आणि नेऊन विळ्यांच्या शेजारी ठेवला. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. ट्रॅक्टरपुढं नारळ फुटला, त्याचं पाणी सगळ्या औजारांवर शिंपडलं तसं यावरही शिंपडलं, उलट जरा जास्तच, कारण काम मोठं होतं. मग पदरानं पुसून होता तिथं ठेवून दिला. पुढं चार-सहा दिवस तो चाललाही. नारळाच्या पाण्यात क्षार असतात आणि साखर असते. ते पाणी बॅटरीपाशी गेलं की हळूहळू तांबं खातं, तर तेवढा वेळ लागणारच.

आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. दसऱ्याला आमचे लोक नागपूरला जाऊन माथा टेकवून येतात, तेवढा आमचा सण. त्यामुळे पूजेच्या बाबतीत मी बोलणारी कोण? तरी तोंडून गेलंच, की बाई, ट्रॅक्टरला चालतं, याला मीठ चालत नाही. कौशल्याबाईंचे डोळे भरले. पोरीचं काम आपल्याच हातानं नासलं, हे तो बंद पडल्यापासून त्यांच्या मनात घोळत असणार. मला माझ्याच तोंडाचा वैताग आला.

रागिणी वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. घरी रोज कटकट चालायची, तो खेळणा सोड आणि अभ्यास कर. आई त्याला खेळणंच मानते, अशी तिची पक्की समजूत होती. तिनं विचारलं, "तू तो विळ्यांजवळ ठेवलास? काऊन?"

कौशल्याबाईंनी डोळे पुसले. "मंग कुठं ठेवू? बाबाचा ट्रॅक्टर पुजते, माया विळा पुजते, तुयं औजार काऊन नाही पुजायचं?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ज्याच्यानं माणूस आपलं काम करते ते औजारच होय ना जी, ताई?"

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. रागिणीनं स्टूल ओढलं आणि माझ्या टेबलाजवळ येऊन बसली. राहू द्या, कळवून टाकते, हे शब्द नंतर तिच्या तोंडून निघाले नाहीत.

मग मी कामाला लागले. स्पिरिट आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन आधी सगळा खरपडा धुऊन काढला. तलाव भरलेला होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पाटानं पाणी निघतही होतं, पण पुढच्या एकाही बांधीत पोचत नव्हतं. कुठंतरी धुरा फुटला होता, सगळा करंट एका जागी जमिनीत जिरत होता. याला आम्ही शॉर्ट म्हणतो. तो शोधायची एक सोपी युक्ती आहे. बोर्डावर स्पिरिटचा पातळ हात फिरवायचा आणि थोडासाच करंट सोडायचा. जिथं शॉर्ट असतो ती जागा गरम होते आणि तिथलं स्पिरिट आधी वाळतं. वाळलं. खसखशीच्या दाण्याएवढा एक कॅपॅसिटर होता, तो उपटून टाकला. मीटरवरचा शॉर्ट गेला. मोठ्या ऐटीत मी बटण दाबलं.

काही नाही. तसाच मुका.

पुन्हा पाटानं चालत निघाले आणि सापडलं. बटणापासून मोठ्या चिपपर्यंत जाणारी एक रेघ पूर्ण खाल्ली गेली होती. तांब्याच्या जागी हिरवी माती. तिथं बारीक तार जोडायची होती, केसासारखी, आणि तिचं दुसरं टोक चिपच्या एका पायावर टेकवायचं होतं. ते पाय इतके जवळ जवळ असतात की शेजारच्याला नुसतं लागलं तरी खेळ खलास. भिंगाखाली धरलं तर मला एका पायाचे दोन दिसायला लागले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं डॉक्टर थंडीत करू म्हणाले होते. एकेकाळी हे काम मी गप्पा मारता मारता करायची. आता हात स्थिर राहतो पण डोळा नाही राहत. खरं सांगते, फार वाईट वाटलं. दुकानात दुसरं कोणी असतं तर मी काहीतरी खोटंच सांगितलं असतं, बोर्डच हलका आहे वगैरे.

त्याऐवजी मी आयर्न रागिणीपुढं धरला.

ती घाबरली. "ताई, मला एकच हात आहे."

"दोन मला आहेत," मी म्हटलं. "डोळे तुझ्याकडे आहेत. धर."

एका हातानं मी बोर्ड दाबून धरला, दुसऱ्या हातानं चिमट्यात तार. ती जागेवर नेऊन टेकवताना रागिणीनं सांगायचं, ताई थोडं डावीकडे, अजून, हां, थांबा. आणि सोल्डरचा डाग तिनं द्यायचा. तार वाऱ्यानं हलत होती, तर कौशल्याबाईंनी कोणी न सांगता पंखा बंद केला. पहिल्यांदा सोल्डर जास्त झालं आणि दोन पाय एकमेकांना चिकटले. तिनं हिंदीतून एक शब्द काढला, जो त्या हॉलमधल्या पोरांना नक्की माहीत असणार. आईला कळला नाही हे बरं झालं. पुसलं, पुन्हा केलं. तार सुटली. मी म्हटलं, दम धर, आयर्न दाबू नकोस, नुसता टेकव, मग सोल्डर आपणहून जातं. दोन वर्षं उजव्या दांडीवर अंगठा फिरवून तिचा हात असा काही बसला होता की माझा तरुणपणीही नसेल. तिनं श्वास रोखला, टोक टेकवलं, उचललं. चमकदार, गोल, नेमक्या एका पायावर. असा डाग मी लावला असता तर दिवसभर सगळ्यांना दाखवत बसले असते.

बॅटरी लावली. बटण तिलाच दाबायला सांगितलं. दिवा लुकलुकायला लागला.

कौशल्याबाई पुढं आल्या, हात जोडलेले. मी म्हटलं, बाई, आता नमस्कार लांबूनच करा. तेव्हा कुठं त्या हसल्या, आणि हसल्या त्या थांबेनात.

रागिणी दिव्याकडे बघत होती. बहाणा गेला होता आणि आता खरोखर जावं लागणार होतं. मग म्हणाली, "ताई, ते बघतील ना हो."

बघतीलच, मी म्हटलं. त्यांना डोळे आहेत. नाही जायचं तर सांग, मी ही तार पुन्हा तोडून देते, चिमटा हातातच आहे. तिनं रिमोट माझ्यापासून इतक्या घाईनं लांब ओढला की मला माझं उत्तर मिळालं. आई म्हणाली, मी येते संगं. रागिणी म्हणाली, ये, पण पिशवीत नारळ नको घेऊ.

स्पर्धेच्या दिवशी मी उगाचच दुकानात येऊन बसले. कोणाचा तरी मिक्सर उघडला आणि तसाच ठेवला. डाग सुटला तर? तार हलली तर? तिथं कोण आहे टेकवून द्यायला? आणि तार टिकली, पण त्या तिघांची तोंडं वाकडी झाली तर ती कशानं जोडायची? दुपारी पोहेवाला म्हणाला, ताई, आज बडबड नाही, तब्येत बरी आहे ना? त्याच्यावर मी ओरडले, तेव्हा त्याचं समाधान झालं.

संध्याकाळी फोन आला. मागं गोंधळ, कोणी गाणं म्हणत होतं, कोणी समोशाच्या प्लेटा मोजत होतं. मी पहिलं विचारलं, डाग टिकला का? टिकला म्हणाली. दुसऱ्या मॅचमध्ये हरलो म्हणाली, आणि ते कसं हरलो हे इतक्या जोशात सांगायला लागली की मला त्यातलं अक्षर कळलं नाही. रायपूरच्या पोराची चूक होती एवढं समजलं. तो मागून ओरडून नाही म्हणत होता.

मी म्हटलं, अगं ते राहू दे. त्यांनी पाहिलं का?



"पाहिलं ना ताई. पहिले हात पाहिला. मग रिमोट पाहिला. मग मॅच सुरू झाली, अन् मग कोणाले टाइमच नव्हता."